फाइल छोटी, तरी टाइमलाइन का अडखळते?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : एचडी क्लिप एडिटिंगला घेताना

या अंकात एकमेकांना लागून असलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. सगळे एकाच कामाभोवती फिरतात : कॅमेऱ्यातली किंवा फोनमधली एचडी क्लिप एडिटिंगला सोसवेल अशा स्वरूपात आणणं. वेगळं काही म्हटलं नसेल तिथे आकडे १९२० बाय १०८० आणि सेकंदाला २५ फ्रेम धरून दिले आहेत. ३० फ्रेमचं चित्रीकरण असेल तर त्यात पाचवा हिस्सा वाढवा.

प्रश्न : कॅमकॉर्डरच्या एमटीएस फाइल प्लेअरमध्ये छान चालतात, पण एडिटिंगला घेतल्या की टाइमलाइन अडखळते. एका कन्व्हर्टरने त्यांच्या एमपी४ केल्या. चाळीस मिनिटांची क्लिप अर्ध्या मिनिटात झाली, पण अडखळणं तसंच. फाइल तर जेमतेम ७ जीबीची आहे. मग कॉम्प्युटर दमतो कशाने?

अर्ध्या मिनिटात झाली, यातच उत्तर आहे. कन्व्हर्टरने चित्राला हात लावलाच नाही, फक्त डबा बदलला. एमटीएस, एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही डब्यांची, म्हणजे कंटेनरची नावं. आतला माल कसा दाबून भरलाय ते कोडेक ठरवतो, आणि तुमच्या दोन्ही फाइलींत तो एच.२६४ च आहे. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत हाच कोडेक, सुरुवातीला जास्तीत जास्त २४ एमबीपीएसने (सेकंदाला २४ मेगाबिट), वापरला जातो.

हा कोडेक जागा वाचवतो ती प्रत्येक फ्रेम पूर्ण न साठवून. साधारण बारा-पंधरा फ्रेमच्या गटात एकच फ्रेम संपूर्ण असते, तिला आय फ्रेम म्हणतात. बाकीच्या फ्रेममध्ये फक्त आधीच्या किंवा पुढच्या फ्रेमपेक्षा काय बदललं याची नोंद असते. सरळ पुढे पाहत जायचं असेल तर हे उत्तम. पण एडिटिंगमध्ये आपण सरळ पुढे कधी जातो? समजा तुम्ही गटातल्या अकराव्या फ्रेमवर उभे आहात आणि डाव्या बाणाची कळ एकदा दाबली. दहावी फ्रेम दाखवायची तर सॉफ्टवेअरला पहिल्या पूर्ण फ्रेमपर्यंत मागे जाऊन तिथून दहावीपर्यंतची साखळी पुन्हा उलगडावी लागते. आधी उलगडलेल्या फ्रेम मेमरीत शिल्लक असतील तर ते कळत नाही, नसतील तर धक्का बसतो. आता अशा दोन-तीन क्लिप एकावर एक ठेवा आणि रंगाचा एखादा इफेक्ट लावा. फाइल छोटी आहे म्हणूनच प्रोसेसरवर बोजा जास्त आहे.

उपाय म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारा एडिटिंगचा कोडेक : अॅपलचा प्रोरेस किंवा अॅव्हिडचा डीएनएक्स. फाइल पाच-सात पटींनी फुगते, पण उलगडायला हलकी होते. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारं शटर एन्कोडर हे फुकट सॉफ्टवेअर या कामाला पुरेसं आहे. क्लिप त्यात ओढून टाका, फंक्शनच्या यादीतून अॅपल प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर निवडा, जाण्याचं फोल्डर ठरवा आणि चालू करा. फ्रेम रेट आणि आकार मूळ क्लिपचाच राहू द्या.

मशीन अलीकडचं असेल तर आधी काहीही न बदलता थोडं काम करून पाहा. आठ बिटचं (बिट म्हणजे छटांची बारीकी) साधं एच.२६४ आजची बहुतेक ग्राफिक कार्डं स्वतःच उलगडतात. रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या दहा बिट ४:२:२ च्या एच.२६४ ला मात्र बरीच कार्डं हात लावत नाहीत. त्यामुळे मशीन महागडं असूनही चांगल्या कॅमेऱ्याची क्लिपच जास्त अडते, असं उलटं चित्र दिसतं.

आणि नुसता डबा बदलणंही निरुपयोगी नाही. एखादं सॉफ्टवेअर एमकेव्ही उघडतच नसेल, तर ती क्लिप एमपी४ किंवा एमओव्हीत रीरॅप करणं हाच बरोबर उपाय. चित्राचा एक कणही बदलत नाही आणि काम मिनिटभरात होतं. दुखणं उघडण्याचं असेल तर रीरॅप, चालण्याचं असेल तर कोडेक बदलायचा.

प्रश्न : प्रोरेस घ्यावा की डीएनएक्स? त्यातही चार-पाच दर्जे दिसतात. एका तासाला किती जागा धरावी?

मॅकवर काम असेल तर प्रोरेस, अॅव्हिडमध्ये जायचं असेल तर डीएनएक्स. बाकी चित्राच्या दर्जात डोळ्यांना दिसेल असा फरक नाही, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

दर्जाची निवड जास्त महत्त्वाची. प्रोरेस ४२२ ला १२२ एमबीपीएस लागतात. आठने भागलं की सेकंदाला सव्वापंधरा मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे ५५ जीबी. प्रोरेस एलटी ८५ एमबीपीएस, तासाला ३८ जीबी. एचक्यू १८४ एमबीपीएस, तासाला ८३ जीबी. प्रॉक्सी ३८ एमबीपीएस, तासाला १७ जीबी. तुमच्या मूळ २४ एमबीपीएसच्या क्लिपला तासाला ११ जीबीही लागत नाहीत, हे शेजारी ठेवून पाहा. कॅमकॉर्डर, फोन किंवा स्क्रीन रेकॉर्डिंग यांना एलटी किंवा साधा ४२२ पुरतो. एचक्यू घेतल्याने फक्त डिस्क लवकर भरते.

डीएनएक्सच्या दोन खोड्या माहीत असू द्या. जुना डीएनएक्सएचडी ठरावीक आकार, फ्रेम रेट आणि बिटरेट (किती एमबीपीएस ते) यांच्या जोड्याच स्वीकारतो. १०८०पी २५ ला १२० चालतं, २९.९७ ला त्याच दर्जाला १४५ लागतं. जोडी चुकली की फाइल बनतच नाही. फोनवर उभी शूट केलेली १०८० बाय १९२० ची क्लिपही तो घेत नाही. डीएनएक्सएचआरला ही अट नाही, म्हणून नव्या कामाला तोच घ्या. दुसरी खोडी अशी, की डीएनएक्सएचआरचे एलबी, एसक्यू आणि एचक्यू हे आठ बिटचे आहेत. कॅमेरा दहा बिट नोंदवत असेल आणि तुम्ही एचक्यू निवडलात, तर पुढे आकाशाच्या निळ्या उतारावर पट्टे दिसू शकतात. तिथे एचक्यूएक्स घ्यावा लागतो. प्रोरेस ४२२ च्या सगळ्या दर्जांत दहा बिट असतात, त्यामुळे तिकडे हा घोळ होत नाही.

डिस्कचा वेग हा बहुतेक वेळा अडसर नसतो. साधी फिरती हार्डडिस्कही सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास वाचते, आपल्याला हवेत पंधरा. मल्टिकॅममध्ये पाच-सहा कॅमेरे एकदम चालवायचे असतील तर मात्र एसएसडी घ्या. डिस्कचं फॉरमॅट तेवढं तपासा. एफएटी३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही आणि प्रोरेस ४२२ मध्ये ४ जीबी साडेचार मिनिटांत भरतात. कन्व्हर्जन दर वेळी साडेचार मिनिटांच्या आसपास बंद पडत असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी डिस्क एक्सफॅट, एनटीएफएस किंवा मॅकच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये आहे का ते बघा.

प्रश्न : फोनवर अर्ध्या तासाचं भाषण शूट केलं. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटाकडे आवाज जवळजवळ सेकंदभर सरकलेला असतो. ऑडिओ ओढून जुळवला की मध्यावर बिघडतो. प्लेअरमध्ये मात्र हीच फाइल बरोबर चालते.

तुमची क्लिप व्हेरिएबल फ्रेम रेटची आहे, म्हणजे दर सेकंदाला फ्रेमची संख्या सारखी नाही. उजेड कमी झाला की फोन एक्स्पोजर वाढवतो आणि फ्रेम कमी घेतो. फोन तापला किंवा त्याला दुसरं काम लागलं, तरी एखादी फ्रेम सुटते. प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ नोंदलेली असते. प्लेअर ती वेळ पाहून चित्र दाखवतो, म्हणून तिथे सगळं जुळतं. एडिटिंगची टाइमलाइन मात्र समान चौकटींची वही असते. काही सॉफ्टवेअर वेळेकडे न पाहता फ्रेम ओळीने मांडतात आणि ऑडिओ आपल्या चालीने पुढे जातो. सरकणं एकसारखं नसतं, म्हणून ऑडिओ ओढून जुळत नाही. अंधाऱ्या भागात ते वेगाने वाढतं, उजेडात जवळजवळ थांबतं.

आधी खात्री करा. मीडियाइन्फो हे छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात क्लिप उघडून व्हिडिओच्या भागात फ्रेम रेट मोड ही ओळ शोधा. तिथे व्हेरिएबल असेल तर खाली किमान, कमाल आणि सरासरी आकडे दिसतात, उदाहरणार्थ कमाल ३०, सरासरी २९.६.

आता कॉन्स्टंट करून घ्या. हँडब्रेक हा कन्व्हर्टर वापरत असाल तर व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेटपुढे आकडा स्वतः निवडा आणि खालच्या पर्यायांत कॉन्स्टंट फ्रेमरेट वर खूण करा. ‘सेम अॅज सोर्स’ सोबत व्हेरिएबल फ्रेमरेट, किंवा आकडा निवडून पीक फ्रेमरेट अशी खूण राहिली, तर सगळा खटाटोप करून पुन्हा व्हेरिएबल फाइलच हातात येते. दर्जाचा आरएफ आकडा १६ ते १८ च्या मध्ये ठेवा. शटर एन्कोडर असेल तर फ्रेम रेट ठरवून थेट प्रोरेस काढा, म्हणजे दोन्ही कामं एका फेरीत होतात.

आकडा कोणता, यावरच सगळं बसतं. कमाल आकड्याच्या जवळचा प्रमाण आकडा घ्या. फोनने ३० च्या सेटिंगवर शूट केलं असेल तर ३० किंवा २९.९७. सरासरी २९.६ दिसते म्हणून २९.६ टाकू नका, आणि प्रोजेक्ट २५ चा आहे म्हणून थेट २५ तर नकोच. तीसचे पंचवीस करताना दर सहातली एक फ्रेम टाकून द्यावी लागते, आणि कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे फिरताना तो झटका स्पष्ट दिसतो. बरोबर पद्धतीत सॉफ्टवेअर वेळेची नोंद पाहून जिथे फ्रेम सुटली तिथे आधीची एक दुबार घालतं. ते डोळ्यांना कळत नाही आणि ऑडिओला हात लागत नाही.

सरकणं अगदी एकसारखं असेल तर आजार वेगळा. २९.९७ ची क्लिप ३० धरली गेली, तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो, अर्ध्या तासाला १.८. तिथे नुसतं क्लिपचं इंटरप्रीट फुटेज (क्लिपचा फ्रेम रेट सॉफ्टवेअरला सांगणारी सेटिंग) दुरुस्त केलं की भागतं, कन्व्हर्जन लागतच नाही. आवाज चिरका झाला आणि लवकर संपला, तर ४४.१ किलोहर्ट्झचा ऑडिओ ४८ समजून वाजवला जातोय. अशा वेळी तासाभराचं बोलणं पंचावन्न मिनिटांत उरकतं, आणि ते कानाला लगेच कळतं. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज दर तासाला दोन-चार फ्रेम सरकला तर त्यात कोणाचाच दोष नाही. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. भाषणाच्या विरामात एक कट मारून ऑडिओ तेवढा हलवला की झालं.

प्रश्न : हात हलला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. मूळ फाइलमध्ये त्या टीव्हीवर दिसत नव्हत्या. कन्व्हर्टर खराब आहे का?

रेघा मूळ चित्रातच आहेत, टीव्ही त्या लपवत होता. हे इंटरलेस्ड चित्रीकरण आहे. १०८०आय ५० मध्ये सेकंदाला पन्नास फील्ड असतात. एका फील्डमध्ये विषम ओळी, पुढच्यात सम ओळी, आणि दोहोंत एक पन्नासांश सेकंदाचं अंतर. दोन फील्ड एका फ्रेममध्ये एकत्र बसवली की तेवढ्या वेळात हात जितका हलला तितकी कड फाटते.

डीइंटरलेस करून घ्या, पण दोन गोष्टी ठरवून. पहिली : निकाल २५ फ्रेमचा हवा की ५० चा. खेळ, नाच असं हलतं चित्र असेल तर ५०पी (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) काढा, प्रत्येक फील्डची एक फ्रेम होते आणि मूळची सफाई टिकते. बसून बोलणाऱ्या माणसाला २५ पुरतात. यादीफ आणि बीडब्ल्यूडीआयएफ असे दोन फिल्टर दिसतात. दुसरा थोडा सावकाश चालतो पण तिरक्या कडा जास्त नीट ठेवतो, तोच निवडा.

दुसरी गोष्ट फील्डचा क्रम. एचडीमध्ये वरचं फील्ड आधी येतं, जुन्या डीव्ही टेपमध्ये खालचं आधी. क्रम उलटा लागला तर चित्र थरथरतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. ५०पी काढलेल्या क्लिपमध्ये हलत्या हाताजवळ जा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. हात पुढे, जरा मागे, पुन्हा पुढे असा उड्या मारत गेला तर क्रम उलटा आहे.

एक फसवी जागा आहे. काही कॅमेरे २५ पूर्ण फ्रेमचं चित्र ५०आयच्या डब्यात भरून देतात. मीडियाइन्फो त्याला इंटरलेस्डच म्हणतं, पण दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात. थांबवून पाहिलं तर हलत्या कडेला दात दिसत नाहीत. अशी क्लिप डीइंटरलेस केली तर उभ्या दिशेचे बारकावे उगाच जातात. तिला फक्त प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पूर्ण फ्रेमची, म्हणून घोषित करा.

आणि चित्र लहान करायचं असेल तर डीइंटरलेस आधी, आकार नंतर. उलट केलंत तर दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि मग कोणताही फिल्टर त्या सुट्या करू शकत नाही.

प्रश्न : डीव्हीडी द्यायची आहे. सगळ्या एचडी क्लिप आधीच ७२० बाय ५७६ करून घेतल्या तर एडिटिंग हलकं होईल ना?

हलकं होईल, पण करू नका. टाइमलाइन एचडीच ठेवा आणि शेवटच्या एक्सपोर्टला लहान करा. कुठे थोडं झूम करावं लागलं किंवा चौकट सरळ करावी लागली, तर हाताशी पिक्सेल असतात. उद्या कोणी एचडी प्रत मागितली तर काम पुन्हा उभं करावं लागत नाही.

लहान करताना तीन ठिकाणी चुका होतात. ७२० बाय ५७६ मध्ये पिक्सेल चौकोनी नसतात. १६:९ चं चित्र त्यात आडवं आवळून बसतं आणि फाइलमधली खूण वाचून प्लेअर ते पुन्हा ताणतो. ही खूण लावायची राहून गेली की माणसं बारीक आणि उंच दिसतात. दुसरं, एचडीचा रंग रेक ७०९ च्या गणिताने लिहिलेला असतो, एसडीचा (डीव्हीडीसारख्या लहान आकाराच्या चित्राचा) ६०१ च्या. आकार बदलला पण गणित बदललं नाही, तर रंग घसरतात. कातडीच्या रंगात आणि हिरव्या झाडीत ते लवकर कळतं, म्हणून तपासायला माणसाचा चेहरा असलेली क्लिप घ्या. तिसरं, बारीक आडव्या रेघा, चौकडीचा शर्ट, खिडकीच्या पट्ट्या, या इंटरलेस्ड एसडीमध्ये लुकलुकतात. लहान करताना उभ्या दिशेने अगदी किंचित ब्लर दिला की लुकलुक थांबते.

प्रश्न : बिटरेट वाढवून कन्व्हर्ट केलं तर चित्र सुधारतं का?

नाही. चोवीस एमबीपीएसमध्ये जे चौकोनी ठोकळे पडले ते १८४ एमबीपीएसमध्ये जसेच्या तसे, फार प्रामाणिकपणे, साठवले जातात. ४:२:० चं ४:२:२ झालं तरी गेलेला रंग परत येत नाही. फायदा इतकाच की पुढे रंग सुधारताना आणि पुन्हा एक्सपोर्ट करताना नवं नुकसान कमी होतं.

प्रश्न : कन्व्हर्ट केलेल्या क्लिपमध्ये काळा भाग डांबरासारखा झालाय आणि पांढऱ्या कपड्याच्या चुण्या दिसत नाहीत. दुसऱ्या एका क्लिपमध्ये नेमकं उलट, सगळं धुक्यात असल्यासारखं. एकाच सेटिंगने केलं होतं.

व्हिडिओत आठ बिटला काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरण्याची रीत आहे, तिला लिमिटेड रेंज म्हणतात. काही फोन आणि स्टिल कॅमेरे मात्र ० ते २५५ असं फुल रेंज लिहितात आणि फाइलमध्ये तशी खूण ठेवतात. कन्व्हर्जनमध्ये खूण हरवली पण आकडे तेच राहिले, की सोळाच्या खालचं सगळं काळं आणि २३५ च्या वरचं सगळं पांढरं होतं. ही तुमची पहिली क्लिप. लिमिटेड क्लिपवर फुलची खूण बसली, तर काळा राखाडी दिसतो. ती दुसरी.

मीडियाइन्फोमध्ये कलर रेंज पाहा. तिथे फुल असेल त्या क्लिप वेगळ्या गटात घ्या आणि कन्व्हर्टरला आत फुल, बाहेर लिमिटेड असं स्पष्ट सांगा. मग मूळ आणि नवी क्लिप एकाच टाइमलाइनवर लागोपाठ ठेवून वेव्हफॉर्म, म्हणजे चित्राच्या उजेडाचा आलेख, पाहा. दोन्हींचा आलेख एकाच उंचीवर बसायला हवा. नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका, डोळा दहा सेकंदांत फिक्या चित्रालाही सरावतो.

फोन एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला नोंदवणारी पद्धत) शूट करत असेल तर कारण आणखी वेगळं. मीडियाइन्फो तिथे बहुधा एचएलजी आणि बीटी.२०२० असं दाखवेल. अशा क्लिपला साध्या एसडीआरमध्ये आणताना टोन मॅपिंग, म्हणजे तो मोठा पल्ला लहान पल्ल्यात बसवणं, लागतं. पुढच्या वेळी फोनच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद करून शूट करणं सगळ्यांत स्वस्त पडतं.

प्रश्न : लांब कार्यक्रमाच्या क्लिप कॅमेरा स्वतःच तोडतो. कन्व्हर्ट करून जोडल्या की जोडावर टक् असा आवाज येतो आणि एक-दोन फ्रेम गायब होतात.

तोडलेले तुकडे स्वतंत्र क्लिप नसतात, ते एकाच प्रवाहाचे भाग असतात. एसी-३ या पद्धतीने दाबलेल्या ऑडिओचं एक पाकीट १५३६ नमुन्यांचं (सॅम्पल), म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ३२ मिलिसेकंदांचं असतं. चित्राची फ्रेम ४० मिलिसेकंदांची. कट दोन्हींच्या हद्दीवर एकदम पडेलच असं नाही. मधोमध कापलेलं पाकीट कन्व्हर्टर टाकून देतो, आणि दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीच्या फ्रेमना ज्या आधीच्या फ्रेमचा आधार हवा, त्या पहिल्या तुकड्यात राहिलेल्या असतात.

म्हणून आधी जोडा, मग बदला. एमटीएस तुकडे सरळ टोकाला टोक लावून जोडता येतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कॉपी आज्ञेला स्लॅश-बी हा पर्याय लावून फाइलींच्या नावांमध्ये अधिक चिन्ह द्यायचं. मॅकवर कॅट ही आज्ञा. क्रम चुकवू नका. एमपी४ तुकड्यांना ही युक्ती लागू नाही. एमपी४ मध्ये अनुक्रमणिका प्रत्येक फाइलची वेगळी असते, त्यामुळे जोडलेल्या फाइलचा आकार बरोबर दिसतो आणि चालतो मात्र फक्त पहिला तुकडा. तिथे रीरॅप करताना जोडण्याची सोय असलेलं सॉफ्टवेअर वापरा.

यासाठी कार्डावरून नुसत्या एमटीएस फाइल उचलू नका, प्रायव्हेट नावाचं अख्खं फोल्डर कॉपी करा. कोणता तुकडा कोणाच्या मागे येतो याची नोंद त्यातल्या इतर छोट्या फाइलींत असते. प्रीमियरसारखी एडिटिंगची सॉफ्टवेअर ती नोंद वाचून तुकडे आपोआप एक क्लिप म्हणून आणतात.

प्रश्न : सगळं कन्व्हर्ट करण्याऐवजी प्रॉक्सी केली तर? आणि नंतर मूळ फाइल पुसून टाकल्या तर चालेल?

जागा कमी आणि क्लिप जास्त असतील तर प्रॉक्सीच करा. निम्म्या आकाराची हलकी प्रत एडिटिंगला, मूळ फाइल एक्सपोर्टला. प्रीमियर आणि डाविंची रिझॉल्व्ह दोन्ही क्लिपवर राइट क्लिक करून प्रॉक्सी बनवून देतात. बाहेरून बनवत असाल तर फाइलचं नाव, फ्रेम रेट, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळ-क्रमांक) आणि ऑडिओ चॅनलची संख्या मूळसारखीच ठेवा. मूळ क्लिपला चार चॅनल आणि प्रॉक्सीला दोन असतील, तर प्रीमियर जोडायला नकार देतो. एक्सपोर्टच्या खिडकीत प्रॉक्सी वापरा अशी खूण चुकून लागलेली नाही ना, ते शेवटी पाहा.

फोनच्या व्हेरिएबल क्लिपला मात्र प्रॉक्सी नको. प्रॉक्सी कॉन्स्टंट आणि मूळ व्हेरिएबल, मग एक्सपोर्टला मूळ फाइल परत जोडली की तुम्ही नेमक्या शब्दावर मारलेले कट चार फ्रेम इकडेतिकडे होतात. तिथे पूर्ण कन्व्हर्जनच करा आणि नवी फाइल हीच मूळ समजून पुढे चला.

पुसण्याबद्दल : प्रोरेस पुसा, कॅमेऱ्याची फाइल ठेवा. ती पाचपट लहान आहे आणि प्रोरेस तिच्यापासून केव्हाही पुन्हा बनते. उलटं होत नाही.

प्रश्न : रात्री शंभरेक क्लिप लावून झोपतो. सकाळी काही फाइल उघडत नाहीत, आकार मात्र व्यवस्थित दिसतो.

एमओव्ही आणि एमपी४ ची अनुक्रमणिका सर्वसाधारणपणे काम पूर्ण झाल्यावर अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली, डिस्क भरली किंवा मशीन स्लीपमध्ये गेलं, तर चित्राचा डेटा डिस्कवर असतो पण कोणती फ्रेम कुठे आहे हे सांगणारं पान नसतं. म्हणून आकार बरोबर आणि फाइल मुकी.

स्लीप बंद करा. लागणारी जागा आधी मोजा : एकूण मिनिटं गुणिले ०.९२ जीबी, हा प्रोरेस ४२२ चा हिशोब, वर दहा टक्के मोकळी सोडा. बाहेरची डिस्क असेल तर तिची वीज वाचवण्याची सेटिंगही बघा. सकाळी सगळ्या क्लिप पाहत बसायची गरज नाही. मूळ आणि नव्या फाइलींची लांबी मीडियाइन्फोच्या तक्त्यात शेजारी ठेवा, एका फ्रेमपेक्षा जास्त फरक असेल तीच क्लिप उघडा, आणि तिचे शेवटचे दहा सेकंद आवाजासकट ऐका. व्हेरिएबल क्लिपच्या बाबतीत फ्रेमची संख्या वेगळी येणारच, तिथे फक्त लांबी जुळवा.

अर्धवट राहिलेली फाइल दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर मिळतात. त्यांच्या मागे लागू नका, मूळ क्लिप शाबूत आहे, तेवढ्याच पुन्हा रांगेत लावा.